टू रॉनीज पुन्हा बघताना : आता हसू येतं का?

निळी शाई
लेकीची दहावी संपली. रोज रात्री जेवताना काहीतरी एकत्र बघायचं असं ठरलंय, त्यात परवा माझा नंबर होता. मी मोठ्या उत्साहाने 'द टू रॉनीज' लावलं. रॉनी बार्कर आणि रॉनी कॉर्बेट या दोन ब्रिटिश नटांचा विनोदी कार्यक्रम, बीबीसी, १९७१ ते १९८७. माझ्या मामाकडे व्हिडिओ कॅसेटी होत्या, तिथे मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं हे बघून लोळायचो.

सुरुवात केली 'फोर कँडल्स' या स्किटने. मी एकटीच हसत होते. नवरा भाताकडे बघत होता. लेक म्हणाली, "आई, तो माणूस नीट का बोलत नाहीये?" समजावून सांगायला गेले आणि सांगता सांगता मलाच ते मजेशीर वाटेनासं झालं.

तर दोन प्रश्न. एक, हे विनोद शिळे झाले की आपल्याला फक्त मामाच्या घराची आठवण येते? दोन, शब्दांवर उभा असलेला विनोद दुसऱ्या भाषेच्या माणसापर्यंत न्यायचा कसा?

टवाळ तात्या
दहावीच्या पेपरांनंतर पोरीला परत इंग्रजीचा पेपर दिलात. वर भात. निषेध.

कोकणकडा
ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हार्डवेअरचं जुनाट दुकान. काउंटरमागे बुटका कॉर्बेट, समोर कामगाराच्या वेषात बार्कर. बार्कर मागतो ते कॉर्बेटला 'फोर कँडल्स' ऐकू येतं, तो चार मेणबत्त्या काढून ठेवतो. गिऱ्हाइकाला हवा असतो बागकामाच्या काट्याचा दांडा, म्हणजे 'फोर्क हँडल्स', पण त्याच्या बोलीत 'ह' उच्चारतच नाहीत. मग 'ओज' मागितल्यावर आधी फावडं ('हो') येतं, मग पाण्याची नळी ('होज') येते, आणि शेवटी कळतं की त्याला फाटकावर घराचं नाव लिहायला 'ओ' अक्षरं पाहिजेत. पुढे 'पीज', पंप, वॉशर. दुकानदार शिडीवर चढतो, उतरतो, चढतो.

मजा शब्दात अर्धीच आहे. उरलेली त्या शिडीत आहे. कॉर्बेट खोका परत जागेवर ठेवायला जातो, तेव्हा फक्त त्याची पाठ बघा.

लेस्टरच्या काकू
मी हे १८ सप्टेंबर १९७६ ला, शनिवारी, ज्या दिवशी लागलं त्या दिवशी पाहिलंय. तेव्हा इंग्लंडात येऊन दोन वर्षं झाली होती. आमचे हे हॉस्पिटलात, मी घरात, आणि बोलायला शेजारची म्हातारी. शनिवारी संध्याकाळी टीव्ही हीच काय ती करमणूक.

खरं सांगू, पहिल्यांदा मला हसू आलं नाही, रडू आलं. कारण त्याच महिन्यात मी अशाच दुकानात निरांजनासाठी वात मागायला गेले होते. वातीला काय म्हणतात ते पाठ करून गेले होते, 'विक'. दुकानदाराने कान पुढे केला, मी परत म्हटलं विक, तो म्हणाला शेजारच्या केमिस्टकडे मिळेल. सर्दीचं मलम! आपल्या तोंडात दोन्ही 'व' सारखेच, त्याचे ओठ वेगळे. मी केमिस्टकडे गेलेसुद्धा, आणि डबी घेऊन घरी आले. नाही म्हणायचं धाडस नव्हतं.

म्हणून निळी शाई, तुमच्या लेकीला हसू न येण्याचं कारण उलटं असेल. तिला दुकानात कधी कुणी 'काय?' असं विचारलेलंच नाही. ती मॉलमधून वस्तू स्वतः उचलून आणते.

निळी शाई
काकू! ही डबी चर्चेच्या धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवी.

पाना_पक्कड
मी या धाग्यावर यायलाच पाहिजे होतं. आमचं तीन पिढ्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, सांगली जिल्ह्यात. ते स्किट म्हणजे आमचा मंगळवार (बाजाराचा दिवस).

मराठीत होईल का म्हणता? अहो, रोज होतंय. नमुने देतो.

"चुका आहेत का?" चूक म्हणजे बारीक खिळा. नवीन पोरगं कामाला होतं, ते म्हणालं, "काय चुकलं काका?"

"कडी द्या." हा शब्द घाईत म्हणून बघा. एकदा एका पाहुण्याने विचारलं आणि वडिलांना वाटलं त्याला जेवायचंय. त्याला समोरच्या खानावळीचा रस्ता दाखवला.

आणि माझं आवडतं : "पाने द्या, दहा-अकरा." नवीन पोरगं पानपट्टीवरून अकरा पानं घेऊन आलं, चुना-काताची पुडी वेगळी. गिऱ्हाइकाला दहा-अकरा नंबरचा पाना हवा होता.

टवाळ तात्या
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). चुना-काताची पुडी वेगळी!!!

शुद्धलेखन सेना
पान्याचं अनेकवचन पाने, पानाचं अनेकवचन पाने (बोलीत पानं). एकच पाना हवा असेल तर 'पाना द्या' म्हणतील. कथेत गडबड आहे.

पाना_पक्कड
गडबड गिऱ्हाइकात आहे. तो 'पाने' म्हणाला. व्याकरणाचं पुस्तक आम्ही ठेवत नाही, नऊ नंबरचा पाना ठेवतो.

खारुताई
मी पण एक जुळवलंय. कुऱ्हाडीचा दांडा घट्ट बसवायला ठोकतात ती पाचर. "पाचरी द्या." दुकानदार पाच आरी काढून ठेवतो. फोर कँडल्सच्या अगदी जवळ आहे ना? आकडाही आला.

शुद्धलेखन सेना
पाच आऱ्या. आरी स्त्रीलिंगी आहे.

खारुताई
दुकानदार कोकणातला आहे समजा हो.

कोकणकडा
कोकणाला मध्ये का ओढताय? :)

शुद्धलेखन सेना
तरीही आऱ्याच.

हरवलेला चष्मा
गंमत म्हणजे मूळ स्किटचा जन्मही असाच, पाना_पक्कड यांच्या प्रतिसादातून झाल्यासारखा झाला. मिडलसेक्समधल्या हेज गावातल्या हार्डवेअर दुकानदारांनी बार्करला पत्र लिहून आपल्या काउंटरवरच्या गमती कळवल्या होत्या, त्यात हे मेणबत्त्यांचं होतं. त्यावरून बार्करने लिहिलं. पण श्रेयनामावलीत बार्करचं नाव नाही. तिथे आहे 'जेरल्ड वायली'.

हा वायली प्रकार माहीत नसेल तर ऐका. १९६० च्या दशकाच्या शेवटी दोघे डेव्हिड फ्रॉस्टच्या कार्यक्रमात होते. बार्करने या टोपणनावाने स्किटं पाठवायला सुरुवात केली. आपण नट आहोत म्हणून लोक भिडेखातर घेतील, ते त्याला नको होतं. नाव त्याने इतकं गुप्त ठेवलं की कॉर्बेटलाही पत्ता नव्हता. हा वायली कोण यावर पैजा लागल्या. कुणी म्हणे नाटककार टॉम स्टॉपर्ड. कॉर्बेटला एक स्किट रंगमंचासाठी हवं होतं, तर वायलीतर्फे तीन हजार पौंड मागितले गेले. कॉर्बेट हबकला, बार्कर म्हणाला फार होतात हो. मग वायलीने ते फुकट देऊन टाकलं. कॉर्बेटने आभार म्हणून त्याला काचेचे उंची पेले पाठवले. ते कुणाच्या घरी गेले असतील!

शेवटी एका चिनी हॉटेलात सगळ्यांना वायलीला भेटायला म्हणून बोलावलं. बार्कर उठून म्हणाला, मीच तो.

मधुमालती
पेले परत केले का पण?

हरवलेला चष्मा
तेवढं मला विचारू नका.

दीडशहाणा
एवढं कौतुक चाललंय म्हणून उलट बाजू मांडतो. मी यूट्यूबवर सलग पाच-सहा भाग पाहिले आणि दमलो. दर तीन मिनिटांनी कमी कपड्यातल्या बायका, सासवांवर विनोद, कॉर्बेटच्या उंचीवर विनोद. त्यातली १९८० मधली 'द वर्म दॅट टर्न्ड' ही मालिका तर बघवत नाही. २०१२ साल, इंग्लंडात बायकांचं राज्य, पुरुषांना झगे घालायला लावलेत, बिग बेनची 'बिग ब्रेंडा' झालीय. स्त्री-पुरुष समानता म्हणजे केवढं संकट, हाच सगळा विनोद. मार्गारेट थॅचर नुकत्याच पंतप्रधान झालेल्या होत्या, तेव्हा कुणाला कशाची भीती वाटत होती ते समजतं. हसू मात्र येत नाही.

आणि जोडीच बघायची तर मोरकंब आणि वाइज बघा. आंद्रे प्रेव्हिन ऑर्केस्ट्रा घेऊन उभा आहे, एरिक मोरकंब पियानो वाट्टेल तसा बडवतो आणि वर सांगतो की सूर सगळे बरोबर आहेत, क्रम तेवढा तोच असेल असं नाही. १९७१ चं आहे. एक शब्द समजावून सांगावा लागत नाही. निळी शाई, लेकीला ते दाखवा.

मधुमालती
दीडशहाण्यांना बायकांच्या मुद्द्यावर +१. मी पण ती मालिका अर्ध्यात सोडली. डायना डोर्स पोलिसांची प्रमुख म्हणून झकास आहे, पण तिच्या हातात दिलेलं काय आहे!

उंचीच्या विनोदांबद्दल मात्र वेगळं वाटतं. ते कॉर्बेट स्वतः करतो. पाच फूट एक इंच. १९६६ मधलं 'फ्रॉस्ट रिपोर्ट'चं वर्गभेदाचं स्किट आठवा. उंचाडा जॉन क्लीज म्हणजे उच्च वर्ग, मध्ये बार्कर, टोकाला कॉर्बेट. क्लीज खाली बघतो, बार्कर वर बघतो आणि खाली बघतो, आणि कॉर्बेटला फक्त आपली पायरी ठाऊक आहे. तीन माणसं भिंतीपुढे उभी केली की झालं, नेपथ्यही लागत नाही. आपल्याकडे जातीवर असं स्किट टीव्हीवर होईल का हा विचार मनात येऊन गेला. धागा भरकटेल म्हणून थांबते.

टवाळ तात्या
थांबलात ते बरं केलंत. पलीकडच्या धाग्यावर त्यावर चारशे प्रतिसाद झालेत आणि दोघांचे आयडी उडालेत.

गौळण
मला या सगळ्यात एक वेगळीच गोष्ट दिसते. माझे आजोबा तमाशाचे वेडे, फडामागे गावोगाव जायचे. तमाशाचा क्रम ठरलेला : गण, गौळण, बतावणी, वग. प्रेक्षकाला पुढे काय येणार ते माहीत असतं आणि तो त्याचीच वाट बघत असतो. टू रॉनीजचं तेच. टेबलामागे बसून खोट्या बातम्या, मग स्किटं, मध्ये एखाद्या गायिकेचं गाणं, बार्करचं अडखळत्या जिभेच्या अधिकाऱ्याचं भाषण, कॉर्बेट खुर्चीत, क्रमशः चालणारी मालिका, शेवटी भरजरी कपड्यातलं मोठं गाणं आणि परत बातम्या. सोळा वर्षं फारसं काही हललं नाही.

आणि बतावणी म्हणजे काय? दोघं उभे राहून एकमेकांचे शब्द वाकडे पकडतात. एकाने सरळ सांगायचं, दुसऱ्याने भलतंच ऐकायचं. आजोबांना फोर कँडल्स दाखवलं असतं तर इंग्रजी न कळताही त्यांनी 'हा बतावणीचा माल' म्हणून ओळखलं असतं.

कोकणकडा
गौळण, मस्त! आणि कॉर्बेटची ती खुर्ची म्हणजे कीर्तन आहे. मूळ विनोद दोन ओळींचा. बुवा सुरू करतात, मध्येच बायकोची गोष्ट, निर्मात्याची चुगली, गोल्फ, आणखी एक फाटा, त्याला उपफाटा, श्रोते विसरतात की निघालो होतो कुठे, आणि मग बुवा अलगद मूळ पदावर येतात. ही भाषणं बरीच वर्षं स्पाइक मलिन्स लिहायचा, नंतर डेव्हिड रेनविक. खुर्ची एवढी मोठी की माणूस आणखीच लहान दिसतो.

शुद्धलेखन सेना
कीर्तनात 'चुगली' नसते.

टवाळ तात्या
तुम्ही आमच्या गावच्या बुवांना ऐकलेलं नाही.

हरवलेला चष्मा
दीडशहाणा, तुमच्या जोडीच्या मुद्द्याकडे येतो, कारण मला वाटतं तुलनाच चुकतेय. मोरकंब आणि वाइज मिसरूड फुटायच्या आधीपासून एकत्र होते, स्किटात एका बिछान्यात झोपायचे, एकाशिवाय दुसरा सुचायचाच नाही. टू रॉनीज ही त्या अर्थाने जोडीच नव्हती. दोन नट होते, वर्षातले काही आठवडे एकत्र काम करायचे आणि मग आपापल्या वाटेने जायचे. बार्करचं 'पॉरिज', 'ओपन ऑल अवर्स', कॉर्बेटचं 'सॉरी!', या मालिका सगळ्या स्वतंत्र. म्हणून त्यांच्यात एक शहाणा आणि एक येडा अशी कायमची वाटणी नाही. फोर कँडल्समध्ये कॉर्बेटचा जीव जातो, दुसऱ्या स्किटात बार्करचा.

खरा फरक वेगळा आहे. बार्करला स्वतः म्हणून लोकांसमोर उभं राहता यायचं नाही. मिशी, टोपी, बोली, काहीतरी अंगावर चढवल्याशिवाय तो घुम्मा व्हायचा. कॉर्बेट रात्री क्लबात लोकांना हसवून आलेला, तो खुर्चीत बसून 'मी' म्हणून बोलू शकायचा. म्हणून खुर्ची त्याला आणि वेष याला. लेखक म्हणूनही बार्करने वेषच घेतला, वायलीचा.

आणि निघाला तोही तसाच. १९८७ च्या शेवटी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, सगळं जोरात असताना बंद केलं. कॉर्बेटला आधी सांगितलं होतं, त्याने ते पोटात ठेवलं. मग बार्करने चिपिंग नॉर्टन या छोट्या गावात जुन्या वस्तूंचं दुकान टाकलं. म्हणजे ज्याने दुकानदाराचा एवढा छळ केला तो शेवटी काउंटरच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

पाना_पक्कड
त्याच्याकडे कुणी मुद्दाम चार मेणबत्त्या मागायला गेलं असणार. शंभर टक्के. मी गेलो असतो.

लेस्टरच्या काकू
३ ऑक्टोबर २००५ ला बार्कर गेले. पुढच्या मार्चमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत स्मरणसभा झाली. अशा वेळी मिरवणुकीपुढे दोन मेणबत्त्या नेतात. त्या दिवशी चार होत्या. मी बातम्यांत पाहिलं, आमचे हे तेव्हा नव्हते, एकटीच होते. एवढ्या मोठ्या ॲबीत, एवढ्या गंभीर तोंडांनी, आणि आत बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. २०१६ मध्ये कॉर्बेट गेले तेव्हाही चार मेणबत्त्या लावल्या होत्या.

मधुमालती
काकू __/\__

दीडशहाणा
हे मात्र मानलं. (मालिकेबद्दलचं मत कायम.)

खारुताई
लेकीच्या प्रश्नाकडे परत येते. फोर कँडल्स उच्चारांवर आहे, म्हणून अडतं. 'मास्टरमाइंड' लावा. तेही डेव्हिड रेनविकचं, १९८०. बार्कर प्रश्नकर्ता, कॉर्बेट स्पर्धक, आणि स्पर्धकाचा खास विषय : दर वेळी आधीच्या प्रश्नाचं उत्तर देणे. हे कुठल्याही भाषेत चालतं. आत्ता बसल्या बसल्या केलं :

पोळ्याला कोणाची मिरवणूक काढतात?
(गप्प.)
बरोबर. निकालाच्या दिवशी गुलाल उधळून कोणाची मिरवणूक निघते?
बैलांची.
बरोबर. लग्नात आहेर म्हणून काय आणू नये, असं पत्रिकेत छापतात?
निवडून आलेला उमेदवार.
बरोबर. सासूबाई पहिल्यांदा राहायला आल्या तर काय करावं?
भांडी आणि पुष्पगुच्छ.
बरोबर. घरात उंदीर शिरले तर काय करावं?
दारात ओवाळून, गोडाचं जेवण घालावं.

टवाळ तात्या
खारुताई, उभं राहून टाळ्या. माझ्या बायकोने मागून वाचलं, तिने विचारलं की सासूबाईंचं उत्तर नक्की कुठलं. मी आधीच्या प्रश्नाचं उत्तर देऊन निसटलो.

शुद्धलेखन सेना
यात एकही चूक नाही. नोंद घ्यावी.

पाना_पक्कड
चुका आमच्याकडे आहेत. पाव किलोपासून पुढे.

निळी शाई
चार दिवसांनी येतेय, धागा कुठल्या कुठे गेला! सगळ्यांचे आभार, काकूंचे जास्त.

वृत्तांत : मोरकंबचा पियानो दाखवला. लेक हसली, नवराही हसला, भात बाजूला ठेवला. मग मास्टरमाइंड लावलं. पहिले तीन प्रश्न ती गप्प, मग तिला युक्ती कळली आणि तिने ते थांबवून पहिल्यापासून लावलं. दोनदा. नंतर स्वतःहून म्हणाली, ते मेणबत्त्यांचं परत लाव. या वेळी मी काहीही समजावलं नाही, फक्त काकूंची विकची गोष्ट आधी सांगितली. शिडी तिला आवडली. चष्मा असलेल्या बुटक्या काकांची दया आली म्हणाली. बार्करला मात्र 'आगाऊ' ठरवलंय.

तोटा असा की आता घरात सरळ उत्तर मिळत नाही. काल विचारलं, जेवलीस का? गप्प. विचारलं, अकरावीला कुठली शाखा घेणार? म्हणाली, दोन पोळ्या आणि भाजी.

कोकणकडा
शाखा बरी आहे, नोकरी पक्की.

पाना_पक्कड
माझा वृत्तांत. आज सकाळी पहिलंच गिऱ्हाईक, साधा सुतार, म्हणाला, "चुका आहेत का?" मला हा धागा आठवला आणि मी काउंटरवर डोकं ठेवून हसत सुटलो. तो थोडा वेळ बघत राहिला, मग समोरच्या दुकानात गेला. तिथून अर्धा किलो घेऊन, माझ्याकडे बघत, सावकाश गेला.